पेठचा न पाहिलेला पट्टा: गोगलगायींच्या जनुकांवरून नाशिकच्या सदाहरित जंगलाचा शोध

(हा प्रकरण अभ्यास नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र गटाच्या कामावर आहे. संस्थेचे, गावांचे आणि जातीचे नाव गाळले आहे. जनुकीय अंतराचे आकडे हिशेब समजावा इतपत गोल केले आहेत.)

पार्श्वभूमी

इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ४५ किमीवरच्या नाशिक शहरात तो ७०० मिमीच्या आसपास येतो. या उताराच्या वरच्या टोकाला, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत, सदाहरित आणि निमसदाहरित झाडीचे तुकडे शिल्लक आहेत. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा, आंबा अशी ही झाडी. बरेचसे तुकडे देवरायांत, बाकीचे ओहोळांच्या घळींत. दक्षिणेकडच्या जंगलांशी तुलना केली तर याला वर्षावन म्हणायला जीभ अडखळते, कारण इथे सात-आठ महिने पाऊसच नसतो. पण पानकुजात राहणाऱ्या ओलप्रेमी प्राण्यांच्या दृष्टीने ही वर्षावनाची उत्तरेकडची शेवटची बेटे आहेत.

प्रश्न जुनाच आहे. हे तुकडे एकेकाळच्या सलग जंगलाचे, कुऱ्हाड आणि शेतीतून वाचलेले अवशेष आहेत, की माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून ती बेटेच होती? परागकणांच्या नोंदी अशा ठिकाणी फारशा मिळत नाहीत. चिखल साठून राहील अशी जुनी तळी डोंगरउतारावर कुठून असणार? निलगिरीत पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा साठा, आहे, त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून तिथले गवत आणि झाडी यांचे मागचे चढउतार वाचता आले. सह्याद्रीच्या या टोकाला तशी सोय नाही.

म्हणून प्राण्यांचे जनुक. जो प्राणी आयुष्यभर काही मीटरपलीकडे जात नाही आणि कोरड्या माळावर तग धरत नाही, त्याची कुळे जंगलाबरोबरच तुटतात आणि जंगलाबरोबरच पसरतात. उडणारा भुंगा किंवा पक्षी मधला माळ ओलांडतो, त्यामुळे त्याच्या जनुकांत ही तुटातूट पुसट होते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या वर्षावनात २००२ साली ग्नॅरोसोफिया बेलेंडेनकेरेन्सिस या गोगलगायीवर झालेला अभ्यास या पद्धतीचा नमुना मानला जातो. पूर्वीच्या हवामानात जंगल कुठे टिकले असेल याचे नकाशे तिथे आधी तयार केले आणि गोगलगायींचे जनुकीय गट त्यांच्याशी ताडून पाहिले. आपल्याकडे २०१३ साली गोमींवर झालेल्या कामाने दक्खनच्या ज्वालामुखीच्या काळात, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण सह्याद्री आसरा ठरला असावा का, हे तपासले. नाशिकचा सगळा कातळ त्याच लाव्हाचा आहे. तेव्हा इथे आज जे काही सरपटते ते, किंवा त्याचे पूर्वज, लाव्हा थंडावल्यावर बाहेरून आलेले आहेत. ते केव्हा आणि कसे पसरले, एवढाच वाव उरतो.

प्राण्याची निवड

गटापुढे तीन उमेदवार होते. गोम: आयडिया चांगली, पण शिकारी प्राणी असल्याने एका देवराईत दिवसभर पाचोळा उपसूनही दोन-तीनच सापडतात. लोकसंख्येच्या जनुकशास्त्राला ते पुरत नाही. पैसा, म्हणजे वाणी: पावसाळ्यात मुबलक, पण नराच्या जननअवयवांशिवाय जात ओळखणे कठीण आणि गोळा केलेल्यांत पिल्लेच जास्त. तिसरा पर्याय जमिनीवरच्या झाकणवाल्या गोगलगायीचा, प्रौढ शंख सुमारे ८ मिमी. ती पानकुजातच राहते, शंखावरून ओळखता येते आणि मेल्यावरही शंख मागे राहतो. त्यामुळे जिथे जिवंत मिळाली नाही तिथेही ती होती का, हे कळते.

गोगलगायीवर शिक्कामोर्तब झाले ते मात्र आणखी एका कारणाने. शेतात आणि बागेत दिसणाऱ्या गोगलगायी कुंड्या आणि रोपांच्या मातीबरोबर गावोगाव फिरतात. आफ्रिकन गोगलगाय त्याचे सगळ्यात ठळक उदाहरण. द्राक्षपट्ट्यात आणि रोपवाटिकांत मिळणारी जात निवडली असती तर जंगलाऐवजी टेम्पोच्या फेऱ्यांचा इतिहास हाती आला असता. ही जात रोपवाटिकांत आढळत नाही, असे तेव्हा वाटले होते.

पहिला हंगाम आणि फुकट गेलेले नमुने

पद्धत साधी होती. एक चौरस मीटरचा चौकोन आखायचा, पाचोळा गव्हाच्या मोठ्या भोकांच्या चाळणीतून पांढऱ्या ट्रेवर चाळायचा, गोगलगायी वेचायच्या आणि पाचोळा जिथला तिथे परत पसरायचा. ही शेवटची पायरी देवरायांत गावकऱ्यांच्या अटीमुळे आली. देवराईतून वाळके पानही न्यायचे नाही, ही तिथली रीत. गावातल्या जाणत्या मंडळींशी बोलणे झाल्यावर प्रत्येक ठिकाणी आठ जिवंत गोगलगायी आणि लागतील तेवढे रिकामे शंख, यावर तोडगा निघाला. वनखात्याची परवानगी वेगळी घेतली होती. अभयारण्यात शिरायचे टाळले, कारण तिथली परवानगी वरून यावी लागते आणि पावसाळा तोवर थांबत नाही.

अडले ते स्पिरिटवर. प्रयोगशाळेसाठी ॲब्सोल्यूट अल्कोहोल घ्यायला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते आणि ती आली नव्हती. नमुने टिकवायला गटाने औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट वापरले. परतल्यावर डीएनए काढला तर जेलवर खालपर्यंत ओघळलेला धूर दिसला, म्हणजे डीएनए तुटलेला; अखंड डीएनएचा पट्टा नाहीच. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची क्रिया, जवळजवळ सगळ्यांचा फसला.

पहिला संशय अर्थातच स्पिरिटवर गेला, आणि तिथेच थांबणे सोपे होते. गटाने तसे केले नाही. नाशिकजवळच्या एका घळीतून आणलेल्या थोड्या गोगलगायींवर छोटा प्रयोग लावला: अर्ध्या सर्जिकल स्पिरिटमध्ये, अर्ध्या आता मिळालेल्या ९५ टक्के इथेनॉलमध्ये; आणि दोन्हींतल्या निम्म्यांचा शंख आधी फोडलेला, निम्म्यांचा अखंड. दहा दिवसांनी अखंड शंखातल्या गोगलगायी दोन्ही द्रवांत खराब निघाल्या. जिवंत गोगलगाय अल्कोहोलमध्ये टाकली की ती आत शिरून झाकण घट्ट लावते. अल्कोहोल आत जात नाही आणि मांस आतल्या आत कुजते. स्पिरिट कमी दर्जाचे होतेच, पण मूळ दुखणे झाकणाचे होते. नुसते इथेनॉल बदलले असते तर पुढचा हंगामही हातचा गेला असता.

त्यानंतरची रीत अशी ठरली. गोगलगाय उकळून गार केलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवायची म्हणजे पाय बाहेर येतो. रात्रभर नाही, कारण बुडून मेलेल्या प्राण्याचा डीएनएही तुटू लागतो. मग सुमारे ७० अंशांच्या पाण्यात काही सेकंद, आणि चिमट्याने शरीर ओढून काढायचे. निघाले नाही तर शेवटच्या वेढ्याला छिद्र पाडायचे. पायाचा २ मिमीचा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, मांसाच्या किमान दहापट द्रवात. २४ तासांनी द्रव बदलायचा, कारण मांसातले पाणी इथेनॉल पातळ करते. शंख त्याच क्रमांकाने कोरडा ठेवायचा. कुपीत ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते आणि नमुना अनाथ होतो.

प्रयोगशाळेत काय अडते

गोगलगायीच्या चिकट स्रावातली म्युकोपॉलिसॅकराइड्स डीएनएबरोबर बाहेर येतात आणि पीसीआरचे विकर बंद पाडतात. तयार कॉलम किटमध्ये ते अडकून कॉलमच तुंबतो. म्हणून सीटॅब या साबणासारख्या रसायनाची पद्धत घेतली: २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, प्रोटिनेज-के टाकून ६० अंशांवर रात्रभर, मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ या मिश्रणाने दोनदा धुणे. एवढे करूनही पीसीआर फसला तर डीएनए वाढवायचा नाही, कमी करायचा. दहापट पातळ केल्यावर निम्म्याहून अधिक अडलेले नमुने चालले. उरलेल्यांत अडथळे शोषून घेणारे बीएसए हे प्रथिन घातले.

मायटोकॉन्ड्रियातला सीओआय जनुक नेहमीच्या फोल्मर प्रायमरांनी, एलसीओ-१४९० आणि एचसीओ-२१९८ने, वाढवला. ६५८ बेसचा, म्हणजे डीएनएच्या तितक्या अक्षरांचा, तुकडा मिळतो. दोन्ही बाजूंनी या अक्षरांचा क्रम वाचून घेतला आणि प्रत्येक क्रम अपृष्ठवंशी मायटोकॉन्ड्रियाच्या सांकेतिक तक्त्याने अमिनो आम्लांत उलगडून पाहिला. मध्येच थांब्याची खूण आली तर तो खरा जनुक नसून केंद्रकात जाऊन पडलेली मेलेली प्रत असण्याची शक्यता असते. असे दोन क्रम निघाले, ते बाद केले. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने क्रमवाचन फुकट करून देण्याची तयारी दाखवली होती. जैवविविधता कायद्याखाली नमुने बाहेर पाठवायला राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते, म्हणून गटाने देशातच पैसे मोजून काम करवून घेतले.

निर्णयाची जागा: दोन गटांचे सुंदर झाड

दुसऱ्या हंगामाअखेर तीन देवराया इगतपुरी–त्र्यंबकच्या बाजूच्या आणि दोन सुरगाणा–हतगडच्या बाजूच्या, असे पाच ठिकाणांचे क्रम हाती होते. त्यांवरून वंशवृक्षाचे झाड, म्हणजे कोणाचे नाते कोणाशी जवळचे याची आकृती, काढले तर लख्ख दोन फांद्या. दक्षिणेचे सगळे एकीकडे, उत्तरेचे सगळे दुसरीकडे, मधले जनुकीय अंतर, म्हणजे वेगळ्या निघालेल्या बेसचे प्रमाण, सुमारे ६ टक्के. फांद्या किती भक्कम हे सांगणारे बूटस्ट्रॅप आकडे उत्तम. शोधनिबंधाचा मसुदाही तयार होऊ लागला: हिमयुगाच्या कोरड्या काळात जंगल दोन आसऱ्यांत आक्रसले, दोन कुळे वेगळी झाली.

गटातल्या एका शंकेखोर सदस्याने नकाशावर पट्टी ठेवली. त्र्यंबक आणि सुरगाण्यामध्ये ७० किमीच्या आसपास हवाई अंतर, आणि त्यात एकही नमुना नाही. पेठचा सगळा पट्टा रिकामा. तिथे देवराया सहज कळलेल्या नव्हत्या आणि रस्त्याकडेचे माळ उजाड दिसत होते, एवढेच कारण.

हा मुद्दा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि छोट्या अपृष्ठवंशींच्या कामात तो सगळ्यात जास्त वेळा हुकतो. फार न हलणाऱ्या प्राण्यांत शेजारचे शेजाऱ्याशी जोडले जातात, म्हणून अंतर वाढेल तसा जनुकीय फरक आपोआप वाढत जातो. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मधली गावे वगळून फक्त दोन टोकांची बोली ऐकली तर दोन वेगळ्या भाषा आहेत असेच वाटेल. झाड काढणारे सॉफ्टवेअर मधली गावे ऐकलीत का, असे विचारत नाही. ते दिलेल्या क्रमांना फांद्यांत बसवते. ज्या गुणामुळे हा प्राणी निवडला, त्याच गुणाने इथे फसवले असते.

पर्याय तीन होते.

पहिला, आहे तसा निबंध छापायचा आणि मर्यादा म्हणून एक ओळ लिहायची. वेळ वाचला असता. पण दोन आसऱ्यांचे विधान मर्यादेच्या ओळीपेक्षा जास्त दूर जाते, आणि पुढचे लोक विधानच उचलतात.

दुसरा, त्याच पाच देवरायांतून आणखी नमुने. सोपे, ओळखीची ठिकाणे. पण एका ठिकाणचे आठांचे वीस केल्याने मधली पोकळी भरत नाही. आकडेवारीत आत्मविश्वास वाढला असता, उत्तर नाही.

तिसरा, पेठच्या पट्ट्यात दर आठ-दहा किलोमीटरवर एक याप्रमाणे सात जागा, प्रत्येकी सहा ते आठ गोगलगायी. यात एक पावसाळा जाणार आणि शोधायच्या जागाही अनोळखी. गटाने हाच घेतला, आणि तो बरोबर होता.

काय केले

पेठमध्ये देवराया शोधत बसण्याऐवजी ओहोळांच्या घळी पाहिल्या: उंबर, करंज, जांभूळ, आणि उन्हाळ्यातही दगडाखाली ओल राहील अशी उत्तराभिमुख बाजू. आधी मे महिन्यात रिकामे शंख शोधले. शंख मिळाला त्या घळी यादीत, नाही त्या बाहेर. पावसाळी फेरीत त्यामुळे भटकंती वाचली. वेळ ऑगस्टची धरली. जुलैत भाताची आवणी चालू असते, वाटाड्या मिळत नाही, आणि तोवर गोगलगायीही नीट वर आलेल्या नसतात.

विश्लेषणात झाड बाजूला ठेवले आणि साधा आलेख काढला: आडव्या अक्षावर दोन ठिकाणांतले अंतर, उभ्यावर जनुकीय फरक. एकाच बाजूच्या जोड्यांतून जाणारी रेष पुढे वाढवली. पोकळीपलीकडच्या जोड्या त्या रेषेवरच बसल्या तर अडथळा मानायची गरज नाही, बऱ्याच वर गेल्या तर आहे. दोन्ही अंतरे एकमेकांबरोबर वाढतात का हे पाहणारी मँटेल चाचणीही केली, पण तिच्या एका आकड्यात पायरी आणि उतार यांतला फरक दिसत नाही. आलेखात दिसतो.

जोडीला केंद्रकातल्या डीएनएचा आयटीएस-२ हा तुकडा घेतला. मायटोकॉन्ड्रिया केवळ आईकडून येतो आणि त्याची गोष्ट एकट्या वंशरेषेची असते. आयटीएस-२मध्ये एकाच प्राण्यात वेगवेगळ्या लांबीच्या प्रती असल्याने काही क्रमांचे आलेख मध्यापासून पुढे गढूळ आले. ते उलट बाजूने वाचून जुळवावे लागले.

निष्पत्ती

पेठच्या घळींतले क्रम दोन फांद्यांच्या मधोमध बसले. आलेखात पोकळीपलीकडच्या बहुतेक जोड्या रेषेच्या आसपासच होत्या. आयटीएस-२मध्येही उतारच दिसला, दोन ढीग नाहीत. दोन आसऱ्यांचा मसुदा रद्द झाला.

हाती काय उरले ते पाहू. टोकांतले अंतर ६ टक्के, एकेका ठिकाणातल्या प्राण्यांत आपापसांत सरासरी २ टक्के. हे २ टक्के वजा करावे लागतात, कारण वेगळे होण्याआधीही मूळ लोकसंख्येत फरक होतेच. निव्वळ ४ टक्के. कीटकांसाठी प्रचलित असलेला फरक साठण्याचा दर, दहा लाख वर्षांत २.३ टक्के, लावला तर १७ लाख वर्षे येतात. गोगलगायींसाठी याहून खूप जलद दर सुचवलेले आहेत. १० टक्के धरला तर ४ लाख. एवढ्या फरकाचा आकडा तारीख म्हणून छापण्यात अर्थ नाही, आणि सलग उतारात फुटण्याची अशी एक तारीख नसतेही. पण कुठलाही समंजस दर लावा, हा फरक शेती आणि कुऱ्हाडीच्या काही हजार वर्षांत साठलेला नाही, २१,००० वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या शिखरानंतरही नाही. तुकड्यांतली गोगलगायींची कुळे जुन्या काळापासून जागच्या जागी आहेत. गटाने एवढेच विधान ठेवले.

एक गोष्ट मात्र रेषेत बसली नाही. त्र्यंबकच्या बाजूच्या, बारमाही झऱ्याकाठच्या एका देवराईत आठ गोगलगायींत सात वेगवेगळे क्रम निघाले, आणि ते एकमेकांपासून बरेच दूर. हीच आसऱ्याची खूण, असे म्हणायचा मोह होतो. पण युरोपातल्या झाडांवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या कामाने दाखवले की सर्वाधिक विविधता आसऱ्यांतच असते असे नाही. वेगवेगळ्या आसऱ्यांतून निघालेली कुळे जिथे भेटली तिथे ती जास्त दिसते. झऱ्याची देवराई टिकून राहिली म्हणून श्रीमंत आहे, की दोन्हीकडून आलेले तिथे थांबले म्हणून? एका मायटोकॉन्ड्रियल जनुकावरून दोन्ही सारखेच दिसतात.

आणि पेठमधल्या एका घळीत इगतपुरीजवळच्या देवराईतला क्रम तंतोतंत मिळाला, मधल्या कुठल्याच ठिकाणी नाही. त्या घळीच्या तोंडाशी आदल्या वर्षी वृक्षारोपण झाले होते. रोपांच्या काळ्या पिशव्या तिथेच पडलेल्या. पिशवीतल्या मातीतून अंडी किंवा पिल्ले आली असावीत, हा अंदाज. सिद्ध करता आले नाही. ते नमुने गटाने विश्लेषणातून काढले, पण निकालात दोन्ही प्रकारे, त्यांच्यासह आणि त्यांच्याशिवाय, आलेख दिला. ‘रोपवाटिकांत आढळत नाही’ हे गृहीतक आता पूर्वीइतके भक्कम नाही.

पुन्हा करायचे झाल्यास

ठिकाणांची रांग आधी आखावी, आवडीच्या देवराया नंतर. दक्षिणोत्तर १०० किमीत सारख्या अंतरावर बारा जागा आणि प्रत्येकी पाच-सहा प्राणी, हे पाच जागांतल्या वीस-वीस प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त सांगते. जतनाची रीत हंगामाआधी दहा प्राण्यांवर तपासावी, आणि इथेनॉलच्या परवानगीचा अर्ज जानेवारीतच करावा.

काढलेला डीएनए उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवला तरी लोडशेडिंगमध्ये तो वितळतो, गोठतो, तुटतो. गटाने आता पायाचा दुसरा तुकडा इथेनॉलमध्ये वेगळ्या खोलीत ठेवायला सुरुवात केली आहे. झऱ्याच्या देवराईचा प्रश्न सोडवायला केंद्रकातल्या शेकडो खुणा लागतील, आणि त्यासाठी हेच तुकडे उपयोगी पडतील. त्याचबरोबर त्याच बारा जागांवरून वाणीचे नमुने घ्यायचे ठरले आहे, फक्त प्रौढ नर. झऱ्याच्या देवराईत वाणीचीही विविधता तशीच निघाली, तर कारण गोगलगायीच्या स्वभावात शोधण्यापेक्षा त्या जागेत शोधावे लागेल. निघाली नाही, तर उलट.